ग्रेडिंग केलेला १९३८चा रुपया: जास्तीचे पैसे वसूल होतात का?

एनजीसी या नाण्यांचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या स्लॅबमधला, म्हणजे सीलबंद प्लास्टिकच्या डबीतला, सहाव्या जॉर्जचा १९३८चा चांदीचा रुपया मी मुंबईच्या एका नाणे प्रदर्शनात घेतला. लेबलवर ‘एमएस ६२’ (एमएस म्हणजे मिंट स्टेट, चलनात न झिजलेलं; आकडा दर्जाचा). सुट्ट्या रुपयापेक्षा बरेच जास्त मोजावे लागले, तरी सौदा चांगला झाला असं माझं मत आहे. मात्र हे सरसकट प्रत्येक जुन्या नाण्याला लागू नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी कोल्हापूरच्या गुजरीत चांदीच्या दुकानात बसते. राणीछाप, एडवर्डचे, पाचव्या जॉर्जचे रुपये लोक मोडीला घेऊन येतात. रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यामुळे किती झिजलाय हे आम्हाला काटाच सांगतो. संग्राहकाचा हिशेब वेगळा. त्याला झीज कुठे झाली, मूळ चमक उरली का, ठसा नीट उठलाय का, हे हवं असतं. आणि इथेच बाजारात ज्याची त्याची फूटपट्टी असते. जरा लखलखणारा रुपया दिसला की विक्रेता म्हणणार, “ताई, एकदम यूएनसी माल आहे,” म्हणजे चलनात न वापरलेला.

स्टॉलवर स्लॅब हातात घेतला की मी आधी लेबल अंगठ्याखाली झाकते आणि नाणं स्वतः बघते. एकच पिवळा दिवा, बाजूने पडणारा. नाणं सावकाश कलतं करत फिरवायचं. टांकसाळीतून निघाल्यावर हाताळला न गेलेला रुपया असेल, तर उजेडाचे पट्टे त्याच्या पृष्ठावर गोल फिरताना दिसतात. ठसा आदळताना धातू बाहेरच्या बाजूला सरकतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषांमुळे ही चमक येते. त्या रेषा एकदा पुसल्या की कुठलीही पॉलिश त्या परत आणू शकत नाही. या रुपयावर पट्टे अगदी कडेपर्यंत सलग फिरत होते. मग भिंग. दहा पटीचं घेऊ नका, त्यात प्रत्येक ओरखडा राक्षसासारखा दिसतो. पाच ते सात पट पुरे. झीज आधी सर्वांत उंच भागावर येते: मुकुटाच्या कमानी, कानावरचे केस, गाल. केस स्वच्छ सुटे होते. गालावर मात्र तीन-चार बारीक टोचे होते, टांकसाळीच्या थैलीत नाणी एकमेकांवर आपटून पडतात तसे. मनात म्हटलं, साठच्या वर, पण चौसष्ट नक्की नाही. अंगठा काढला, तर ६२.

हा आकडा येतो शेल्डनच्या मापावरून. विल्यम शेल्डन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९४९मध्ये त्याने तिथल्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी १ ते ७० असं माप मांडलं. मूळ कल्पना किमतीची होती: दर्जा १च्या नाण्याला एक डॉलर, तर ७०च्या नाण्याला सत्तर. किमतीचा तो हिशेब कधीच मोडला, माप मात्र राहिलं आणि पुढे पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या कंपन्यांमुळे जगभर गेलं. साठपासून वर म्हणजे चलनात न झिजलेलं, खाली म्हणजे कमी-अधिक वापरलेलं. पण आकडा मोठा म्हणजे नाणं देखणं, असं समजू नका. ‘एयू ५८’चा, म्हणजे जवळजवळ न वापरलेला रुपया, ज्याच्या गालावर नुसती झिजेची झाक आहे, तो टोचे पडलेल्या ‘एमएस ६०’पेक्षा कितीतरी सुंदर असतो आणि स्वस्तही मिळतो. माझ्याकडे पैसे मोजकेच असते, तर मी ५८च घेतला असता.

ग्रेडिंगच्या सेवेचा खरा उपयोग मला दिसतो तो घासलेली नाणी ओळखण्यात. आपल्याकडे रुपये दिवाळीला लक्ष्मीपूजनात मांडतात, हळदीकुंकू लागतं, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी प्रेमाने चिंच आणि रांगोळीने चकचकीत घासून ठेवतं. भक्ती खरी, पण नाणं गेलं. अक्षरांच्या खाचांत कुंकू तसंच राहतं आणि मोकळ्या भागावर एकाच दिशेच्या केसासारख्या रेषा उमटतात. असं नाणं तपासणीत सापडलं की त्याला आकडा मिळत नाही, लेबलवर ‘डिटेल्स’ आणि कारण लिहून येतं. माळेत ओवण्यासाठी कडी डागलेले आणि नंतर ती काढून कानशीने साफ केलेले रुपयेही तसेच. इथे स्लॅबची एक अडचण आहे. कडेचा बराच भाग झाकला जातो, आणि कडी डागल्याची खूण नेमकी कडेच्या दात्यांवर असते. सुटा रुपया घेताना मी आधी कड फिरवून बघते, ती सोय स्लॅबमध्ये नाही.

लेबलवरचा नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघाच आणि फोटो असेल तर तो टोचा-टोचा जुळवा, कारण नकली स्लॅबही फिरतात. १९३९चा दुर्मिळ रुपया घेणार असाल तर हे अजिबात टाळू नका. त्याच्या नकला उदंड आहेत.

आपल्याकडची नाणी ग्रेडिंगला परदेशी पाठवायचा विचार असेल, तर कायदा लक्षात ठेवा. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं झालेलं नाणं पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. पाचव्या जॉर्जचे चांदीचे रुपये १९२२ला संपले, म्हणजे ते सगळेच या कक्षेत आले. १९११चा, राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गाजलेला रुपयाही त्यातच.

शिवराईसाठी मात्र मी हे माप वापरणार नाही. हाताने ठोकलेलं तांबं, ठसा नाण्याहून मोठा, त्यामुळे ‘श्री राजा शिव’मधलं एखादं अक्षर मुळातच बाहेर गेलेलं. ती झीज नव्हे. शिवराई घेताना अक्षरं किती आली, ठसा मध्यावर बसला का आणि तांब्यावरचा जुना थर शाबूत आहे का, एवढं बघा आणि सुटीच घ्या. स्लॅबचे पैसे १९३८च्या रुपयासाठी किंवा १९४७च्या वाघाच्या निकेल रुपयासाठी ठेवा.