अमेरिकेत फिजिक्स शिकवायचंय: ‘ख्रिश्चन स्कूल’ की कॅथलिक हायस्कूल?

मी नगरची. आमचं चर्च अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतलं. त्या मिशनची माणसं १८१३ साली मुंबईला आणि १८३१ साली नगरला आली. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर पहिल्यांदा ‘ख्रिश्चन स्कूल’ अशी पाटी वाचली, तेव्हा माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. तिथे दोन वर्षं शिकवलं आणि मग कॅथलिक हायस्कूलमध्ये गेले. एमएस्सी, बीएड करून इकडे आलेल्या मराठी मुली (आणि मुलगेही) मला विचारतात की यातलं कुठे जावं. दोन्हीकडचं पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. आपल्याकडे मिशनरी शाळा म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते असं: सिस्टर मुख्याध्यापिका, सकाळी प्रार्थना आणि स्टाफरूममध्ये जोशीबाई, शेखबाई, डिसोझाबाई एकत्र डबे खाताहेत. शिक्षकाचा धर्म कोणता हे फिजिक्सच्या तासाला कुणी विचारत नाही. अमेरिकेत कॅथलिक शाळा स्वतःला कॅथलिकच म्हणवते. नुसतं ‘ख्रिश्चन स्कूल’ लिहिलेलं असेल, तर ती बहुधा इव्हँजेलिकल प्रॉटेस्टंटांची (बायबलचा शब्द न् शब्द प्रमाण मानणाऱ्यांची) असते आणि तिथले नियम फार वेगळे.

तिथल्या अर्जातच ‘स्टेटमेंट ऑफ फेथ’ असतं. बायबल संपूर्णपणे निर्दोष आहे, त्रैक्यावर माझा विश्वास आहे, वगैरे कलमं वाचून खाली सही करायची आणि बऱ्याच ठिकाणी आपल्या पाळकांचं पत्र जोडायचं. काही शाळांच्या कलमांत देवानं सृष्टी चोवीस तासांच्या सहा दिवसांत निर्माण केली, हेही असतं. हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम उमेदवाराला हे दार बहुतेक बंदच. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानेच धार्मिक संस्थांना आपल्या धर्माची माणसं नेमायची मुभा दिली आहे, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. याउलट कॅथलिक हायस्कूल, त्यातही जेझुइटांचं (कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचं) असेल तर, थिऑलॉजी शिकवायला कॅथलिक माणूस शोधतं आणि फिजिक्स शिकवायला फिजिक्स येणारा. माझ्या आत्ताच्या विभागात एक ज्यू आणि एक तमिळ हिंदू सहकारी आहेत. तुम्ही ख्रिश्चन नसाल, तर तुमचा निम्मा निर्णय इथेच झाला.

आता विषयाकडे येऊ. बहुतेकांना वाटतं की फिजिक्समध्ये धर्म आड येतो कुठे? बरंचसं खरं आहे. भांडण मुख्यतः जीवशास्त्राच्या वर्गात होतं. न्यूटनचे नियम, संवेग, टॉर्क, दोलन, द्रवांचा दाब हे सगळं दोन्हीकडे सारखंच. एपी फिजिक्स १ हा हायस्कुलातला कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम जवळजवळ एवढाच आहे, त्यामुळे तो शिकवताना वर्षभर एकही अडचण आली नाही. अडचण येते ती अणुकेंद्र आणि आकाश या दोन ठिकाणी.

मी त्या ख्रिश्चन शाळेत अर्धायुकाल, म्हणजे किरणोत्सारी पदार्थातले निम्मे अणू क्षय पावायला लागणारा काळ, शिकवत होते. एम अँड एमच्या गोळ्या उधळायच्या, अक्षर वर आलेल्या बाजूला काढायच्या, उरलेल्या पुन्हा उधळायच्या आणि आलेख काढायचा. मुलं रंगली होती. मी फळ्यावर लिहिलं, कार्बन-१४ : ५७३० वर्षं, युरेनियम-२३८ : सुमारे ४४७ कोटी वर्षं. एका मुलीनं हात वर केला. पृथ्वी काही हजार वर्षांची असेल, तर हा दुसरा आकडा कळला कसा? प्रश्न अगदी योग्य होता. मी क्षयाचा वेग कसा मोजतात ते सांगितलं आणि देवयानी दीर्घिकेचंही बोलले. ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं दूर आहे, म्हणजे आज दिसणारा तिचा प्रकाश केव्हा निघाला असेल? दोन दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. आवाज सौम्य होता, हेतूही वाईट नव्हता. यापुढे ‘काही शास्त्रज्ञ असं मानतात’ असं म्हणा, एवढंच म्हणणं होतं. मला ते जमलं नाही. मोजलेल्या गोष्टीला ‘मानतात’ म्हणायचं, तर मग फिजिक्स शिकवतोय कशाला? माझी श्रद्धा त्या गोळ्यांनी कमी झाली नव्हती, आजही झालेली नाही. वर्षाचा करार संपला आणि मी थांबले.

कॅथलिक शाळेत हा प्रश्नच उभा राहत नाही. विश्व एका आदिम अणूतून प्रसरण पावलं, ही कल्पना १९३१ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते आणि व्हॅटिकनच्या वेधशाळेची दुर्बीण ॲरिझोनातल्या माउंट ग्रॅहमवर आहे. मी ताम्रसृती (दूर जाणाऱ्या दीर्घिकांचा प्रकाश लाल रंगाकडे सरकतो ती) शिकवते तेव्हा लमेत्रांचा पांढऱ्या कॉलरमधला फोटो लावते. मुलं टक लावून बघतात.

सगळ्या ख्रिश्चन शाळा पृथ्वीच्या वयाबद्दल असा आग्रह धरत नाहीत, हेही सांगायला हवं. काही ठिकाणी हा मुद्दा शिक्षकावर सोडतात. म्हणून मुलाखतीत थेट विचारा: पाठ्यपुस्तक कोणतं? अबेका किंवा बॉब जोन्स युनिव्हर्सिटी प्रेसचं असेल, तर अणुकेंद्राचा धडा आधी वाचून घ्या. पाठ टिपणात दर आठवड्याला ‘बायबलचा दृष्टिकोन’ असा रकाना भरावा लागतो का, तेही विचारा.

प्रार्थनेचा फरक थोडक्यात सांगते. ख्रिश्चन शाळेत तासाच्या सुरुवातीला प्रार्थना शिक्षकानं सांगायची असते, मनापासून आणि स्वतःच्या शब्दांत. कॅथलिक शाळेत मिस्साला (चर्चच्या उपासनेला) सगळ्यांबरोबर बसावं लागतं, पण कॅथलिक नसलेल्यांनी कम्युनियन (भाकरीचा प्रसाद) घ्यायचं नसतं. तुम्ही बाकावर शांत बसलात तरी कुणाला खटकत नाही.

पण कॅथलिक शाळेतही करारात एक कलम असतं: चर्चच्या शिकवणीविरुद्ध जाहीर वागणूक नको. ते कागदापुरतं समजू नका. २०१९ साली इंडियानापोलिसच्या आर्चडायोसिसनं (आर्चबिशपच्या धर्मप्रांतानं) ब्रेबफ जेझुइट शाळेला समलिंगी विवाह केलेल्या शिक्षकाला काढायला सांगितलं होतं. शाळेनं नकार दिला, पण प्रत्येक शाळा तशी उभी राहीलच असं नाही. तुमच्या आयुष्याला हे कलम लागू होत असेल, तर सही करण्याआधी ओळखीच्या वकिलाला दाखवा.

पैसा दोन्हीकडे सरकारी शाळेपेक्षा कमीच. बहुधा युनियन नाही, कायमपणा नाही, दरवर्षी नवा करार. मात्र स्वतःच्या मुलांना फीत सवलत बहुधा मिळते आणि दोन मुलं असतील तर तिची किंमत मोठी आहे. बहुतेक राज्यांत खासगी शाळेला शिक्षकाचं सरकारी लायसन्स लागत नाही. सरकारी शाळेसाठी भारतातल्या पदव्यांचं मूल्यांकन, प्रॅक्सिससारखी परीक्षा आणि राज्याचं सर्टिफिकेट, यात एक-दोन वर्षं सहज जातात. नवरा किंवा बायको एच-वनबीवर असून तुमच्याकडे एच-फोरचं वर्क परमिट असेल, तर त्या काळात खासगी शाळा हा चांगला मार्ग आहे. छोटी शाळा तुमच्यासाठी स्वतः व्हिसा काढेल, या भरवशावर मात्र राहू नका.

एका बाबतीत छोट्या ख्रिश्चन शाळेची मला आजही आठवण येते. वर्गात नऊ मुलं होती. प्रत्येकाची वही मला पाठ होती. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी शनिवारी येऊन बिघडलेला एअर ट्रॅक (हवेवर गाडी सरकवायचा प्रयोगाचा रूळ) दुरुस्त करून दिला. त्याच वेळी फिजिक्स, केमिस्ट्री आणि नववीचं गणित, असे तीन विषय मी एकटीच शिकवत होते. आता वर्गात अठ्ठावीस जण आहेत, पण विषय फक्त फिजिक्स आहे, फोटोगेट (प्रकाशझोत तुटला की वेळ नोंदवणारं यंत्र) आणि सेन्सर पुरेसे आहेत आणि प्रयोगासाठी सलग दोन तासिका मिळतात.

तुम्ही ख्रिश्चन असाल, सहा दिवसांच्या कलमावर खऱ्या मनानं सही करू शकत असाल किंवा ते कलमच नसलेली शाळा मिळाली असेल, तर ती शाळा तुम्हाला कुटुंबासारखी सांभाळेल. बाकी सगळ्यांना मी कॅथलिक हायस्कूलच सुचवेन. कुठेही गेलात तरी मुलाखतीच्या दिवशी प्रयोगशाळा दाखवायला सांगा आणि कपाटं उघडून बघा. माझ्या पहिल्या शाळेत मी ती उघडली सही केल्यानंतर, आणि आत नाताळच्या नाटकाचे कपडे होते.