नॉर्माटेक ३: अनेक दिवसांच्या बाइकपॅकिंग रेसनंतर हे बूट किती कामाचे?

पायांना हवेचा दाब देणाऱ्या बुटांची परीक्षणं बहुतेक धावपटू किंवा जिममध्ये घाम गाळणारे लोक डोळ्यांसमोर ठेवून लिहिली जातात. बाइकपॅकिंग रेस म्हणजे सामान सायकलवरच बांधून अनेक दिवस चालवायची शर्यत. कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या अँटेलोप वेल्सपर्यंतच्या टूर डिव्हाइडसारखी सुमारे ४,३०० किलोमीटरची रेस, किंवा चार-पाच दिवसांची लहान रेस, संपवून आलेल्या सायकलस्वाराचं शरीर निराळंच असतं. पाय सुजलेले, बोटं बधिर, बसायची जागा सोललेली, मान जड आणि झोपेची थकबाकी कित्येक रात्रींची. अशा शरीराला हायपराइस या कंपनीचे नॉर्माटेक ३ बूट काय देतात आणि काय देऊ शकत नाहीत, एवढंच इथे पाहायचं आहे. थोडक्यात निकाल असा: सुजेवर चांगले, आरामासाठी फार चांगले. पण रेसनंतर सर्वांत जास्त काळ छळणाऱ्या गोष्टींपर्यंत ते पोचतच नाहीत.

संचात मांडीपर्यंत येणारे दोन बूट, एक कंट्रोल युनिट आणि नळी असते. प्रत्येक बुटात पावलापासून मांडीच्या वरच्या भागापर्यंत पाच कप्पे आहेत. ते एकमेकांवर थोडे चढलेले असल्यामुळे मध्ये दाब न पडणारी पट्टी उरत नाही. दाबाचे सात टप्पे आहेत. ‘झोनबूस्ट’ लावलं की निवडलेल्या कप्प्यात दाब आणि वेळ दोन्ही वाढतात. सुरुवातीला यंत्र बूट पायाच्या आकाराप्रमाणे फुगवून घेतं, मग पावलाकडून वर सरकत एकेक कप्पा दाबतं. वरचा कप्पा दाबला जात असताना खालचा काही वेळ धरून ठेवलेला असतो, त्यामुळे वर ढकललेलं द्रव लगेच खाली उतरत नाही. पोटरीचे स्नायू आणि शिरांमधल्या झडपा चालताना जे काम करतात, त्याचीच ही नक्कल आहे.

आता सुजेबद्दल, कारण खरा उपयोग तिथेच आहे. अनेक दिवस रोज दहा-पंधरा तास सायकल चालवली की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवू लागतं आणि रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे त्याचा पातळ द्रव भाग, वाढतो. त्यात दुखावलेल्या स्नायूंचा दाह भर घालतो. रेस चालू असताना पोटरीचा पंप दिवसभर सुरू असतो. फिनिशवर पोचलं की तो एकदम थांबतो आणि त्यानंतर येतो घरी परतण्याचा बस, गाडी किंवा विमानातला लांब प्रवास. दुसऱ्या दिवशी घोटे दिसेनासे होतात, मोज्याची कड खोल रुतते, नडगीवर बोट दाबलं की खड्डा पडतो. वजनकाटा रेसच्या आधीपेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. ती चरबी नाही, पाणी आहे आणि काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं.

बूट या पाण्याला पायातून वर सरकवतात आणि पाय हलका लागतो. पण सरकलेलं पाणी मूत्रपिंडांनाच बाहेर टाकायचं असतं, म्हणून झोपायच्या अगदी आधी बूट लावले तर रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. झोपेची इतकी टंचाई असताना हा सौदा वाईट. संध्याकाळी, झोपेच्या किमान दोन तास आधी लावा.

दाबाबाबत घाई नको. पहिले ४८ तास पहिला किंवा दुसरा टप्पा आणि २० मिनिटं पुरेत. तिसऱ्या दिवसापासून तिसरा-चौथा टप्पा, ३० मिनिटं, दिवसातून एकदा. पाचच्या वर जाण्याचं कारण आम्हाला दिसत नाही. सूज कमी दाबानेही उतरते आणि दुखऱ्या स्नायूवर जास्त दाब दिला की माणूस नकळत पाय ताठ करतो, म्हणजे विश्रांतीचा हेतूच गेला. आधी लघवीला जाऊन या. बिनशिवणीची, घोट्यापर्यंतची पातळ सुती पँट घाला, खिसे रिकामे करा. पाठीवर आडवे व्हा आणि टाचांखाली उशी घ्या. खुर्चीत गुडघे वाकवून बसलं की गुडघ्यामागे बूट दुमडतो आणि मांडीचे कप्पे नीट भरत नाहीत. एखादा कप्पा अजिबात भरत नसेल तर यंत्राला दोष देण्याआधी नळीचं टोक पाहा. ते अर्धवट बसलेलं असणं हेच नेहमीचं कारण असतं.

एक मोठा धोका मात्र थेट या खेळाशी जोडलेला आहे. लांब रेसनंतर पायाची बोटं आणि चवडा कित्येक आठवडे बधिर राहू शकतात, कारण सायकलिंगच्या बुटाच्या कडक तळव्यावर दिवसेंदिवस दाब पडून पावलातल्या बारीक नसा (मज्जातंतू) दुखावलेल्या असतात. बधिर पायाला दाब जास्त झाल्याचं कळतच नाही. ‘सहन होईल तितका दाब ठेवा’ हा सल्ला अशा वेळी निरुपयोगी आहे. सत्र संपल्यावर बोटांचा रंग पाहा, ती हाताला गार लागतात का ते पाहा. दाबाचे वळ काही मिनिटांत विरायला हवेत. मुंग्या आधीपेक्षा वाढल्या असतील तर टप्पा उतरवा किंवा बूट बाजूला ठेवा.

टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा अकिलीस टेंडन) सुजली असेल (डोंगराळ रेसनंतर हे फार दिसतं) तर खालच्या दोन कप्प्यांचा दाब नेमका तिच्यावर येतो. तिथे झोनबूस्ट अजिबात नको. शीर दाबल्यावर करकरते किंवा सकाळची पहिली पावलं टाकवत नाहीत, अशी स्थिती असेल तर तिला भार कमी करणं आणि वेळ देणं हवं असतं, दाब नव्हे. बुटाची वरची कड जांघेजवळ येते. तिथे सीटचे फोड असतील तर घर्षणाने ते पुन्हा फुटतात. पडून झालेल्या, अजून खपली न धरलेल्या जखमांवरही बूट चढवू नका. आतलं कापड पुसता येतं, धुता येत नाही. जखमेचा ओलावा आत गेला तर तो तिथेच राहतो.

काही लक्षणं असतील तर बूट कपाटातच राहू द्या आणि डॉक्टर गाठा. दोन्ही पाय सारखे सुजणं अपेक्षित आहे. एकाच पोटरीला सूज, गरमपणा, लाली आणि दुखणं असेल, विशेषतः लांब प्रवासानंतर, तर रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती दाबून हलवणं जिवावर बेतू शकतं. कोलाच्या रंगाची गडद लघवी म्हणजे स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडांवर ताण आल्याची खूण. छातीत दुखणं, धाप लागणं किंवा फोडासोबत ताप येणं, हेही थांबून पाहण्यासारखं नाही.

आता बूट जिथे पोचत नाहीत तिथलं. पाय साधारण आठवडा-दहा दिवसांत जिना चढायला कुरकुर करेनासे होतात. हात मात्र महिनोन्‌महिने घेऊ शकतात. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटापाशी, अल्नर नस एका अरुंद बोगद्यातून जाते. हँडलबारचा दाब आणि रस्त्याचे हादरे नेमके तिथे बसतात. आधी करंगळी आणि अनामिका बधिर होतात, मग चिमटीतली ताकद जाते. चाचणी सोपी आहे: अंगठा आणि तर्जनीच्या बाजूमध्ये कागद धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा. कागद धरून ठेवताना अंगठ्याचं पुढचं पेर आपोआप वाकत असेल तर स्नायू कमजोर झालेत. नसेचं फक्त वेष्टण दबलं असेल तर काही आठवड्यांत ते सुधारतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढतो. या काळात तळहातावर मसाज गन चालवू नका, कोपर वाकवून झोपू नका. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोलगट दिसू लागला तर नसांची तपासणी करून घ्या.

मानेचंही तसंच. १९८३ च्या ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ या अमेरिका आरपार ओलांडणाऱ्या सायकल रेसमध्ये मायकेल शर्मर या स्पर्धकाची मान इतकी निकामी झाली की डोकं वर धरता येईना, आणि त्या अवस्थेला त्यांचंच नाव पडलं. सौम्य रूपात ती बऱ्याच जणांना होते. पहिल्या आठवड्यात तिला उशीचा आधार आणि उब हवी, जोरकस ताण नको.

झोप हा तर वेगळाच हिशोब. पहिल्या काही रात्री घामाने भिजून जाग येणं, वाट चुकल्याच्या किंवा उशीर झाल्याच्या धसक्याने दचकून उठणं, हे नेहमीचं आहे. बूट लावून गुंगी येते ती खरी आणि सुखद असते, पण ती रात्रीच्या नऊ तासांची जागा घेत नाही. दुखणं कमी जाणवतं एवढं अशा बुटांच्या बाजूने बऱ्यापैकी म्हणता येतं. स्नायूंची ताकद त्यामुळे लवकर परत येते, याला मात्र भक्कम आधार नाही. म्हणून बूट काढल्यावर पाय हलके लागले की लगेच सायकल काढण्याचा मोह टाळा. सपाट रस्त्यावर सहज चालवून पाहा. जोर लावूनही हृदयाचे ठोके नेहमीसारखे चढत नसतील, किंवा सकाळचे विश्रांतीतले ठोके अजून जास्तच असतील, तर पाय काहीही सांगोत, शरीर अजून भरून आलेलं नाही.

या यंत्राचा एक फायदा जाहिरातीत कुठे सापडणार नाही: ते अर्धा तास जागेवर खिळवून ठेवतं. हा वेळ वही घेऊन बसायला उत्तम आहे आणि तो पहिल्या तीन-चार दिवसांतच वापरावा, कारण पुढे आठवण गुळगुळीत होत जाते आणि वाईट निर्णयसुद्धा शहाणपणाचे वाटू लागतात. जीपीएसच्या नोंदीतून प्रत्येक दिवसाच्या एकूण वेळेतून चालत्या वेळेला वजा करा आणि उरलेले तास झोप, खाणं, दुरुस्ती आणि नुसतंच रेंगाळणं यांत वाटून लिहा. शेवटच्या रकान्यातला आकडा सहसा धक्का देतो. मग दुखण्यांची यादी करा: कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूला, कशानंतर सुरू झालं. गुडघ्याच्या पुढे दुखलं तर सीट खाली किंवा फार पुढे असण्याची शक्यता तपासा, मागे दुखलं तर सीट उंच. टाचेमागची शीर धरली तर क्लीट (सायकलिंगच्या बुटाखालची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) फार पुढे लावलेली असू शकते. फोड एकाच बाजूला असतील तर एका अंगावर कलून बसणं, आणि त्यामागे बहुतेकदा जास्त उंच सीट. करंगळी बधिर झाली तर हँडलबार खाली किंवा दूर आहे का, टायरमध्ये हवा जास्त होती का, हे पाहा. सामानातल्या न वापरलेल्या वस्तूही लिहा, पण दुरुस्तीचं आणि थंडीचं सामान त्यातून वगळा. त्याची गरज पडली नाही, ही त्या वेळची गोष्ट.

स्वस्त पर्याय? पाय भिंतीला टेकवून दिवसातून तीनदा १५ मिनिटं पडून राहणं सुजेवर जवळपास तितकंच काम करतं. परतीच्या प्रवासात १५–२० मिमी पाऱ्याच्या दाबाचे मोजे हे बुटांपेक्षा महत्त्वाचे आहेत, कारण सूज चढते त्या तासांत ते पायात असतात. स्नायू दाबून मळायचा फोम रोलर पहिल्या आठवड्यात नकोच.

वर्षातून एकच मोठी रेस करत असाल तर हा महागडा संच विकत घेण्यापेक्षा फिजिओच्या दवाखान्यात दोन-तीन सत्रं घ्या किंवा कुणाकडून आठवडाभर मागून आणा. सरावाचे मोठे आठवडे वर्षभर चालणाऱ्यांना, किंवा घरात दोघे-तिघे सायकल चालवणारे असतील तर तो घेण्याजोगा आहे. घेताना उंचीनुसार बुटाचं माप नीट निवडा, कारण लांब बूट जांघेत रुततो. आणि मांड्या सुजलेल्या असताना झिप जोराने ओढू नका. दोन्ही कडा हाताने जवळ आणून मगच ती वर घ्या.