कांद्याची ताडपत्री भूकंपग्रस्तांना चालते का? नाशिकच्या बाजारातल्या मालाचा आढावा

लासलगाव-पिंपळगावकडे कांदा झाकायला जी ताडपत्री जाते, तीच नाशिकमधून भूकंपग्रस्तांसाठी गठ्ठ्याने उचलली जाते. माल वाईट नाही. पण खरेदीत सगळी घासाघीस भावावर होते आणि वजन राहून जातं.

काट्यावर ठेवूनच घ्यावी. रेडक्रॉसच्या मापाची ४ × ६ मीटर ताडपत्री म्हणजे २४ चौरस मीटर. २०० जीएसएमला (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) ती ४.८ किलो भरली पाहिजे. साडेतीन किलो भरली तर तो माल दीडशेच्याही खालचा, दुकानदार काही म्हणो. मायक्रॉनचा, म्हणजे जाडीचा, आकडा सांगितला तर तो जीएसएम समजू नका. फुटांतलं मापही टेपने तपासा; कडा दुमडण्यापूर्वीचं असेल तर काही इंच कमी भरतं.

सगळ्यात कच्ची जागा कडेच्या, दोरी ओवायच्या रिंगांची. कडेत दोरी नसेल, नुसत्या दुमडीवर रिंग ठोकली असेल, तर ती वाऱ्यात कापड फाडून निघते. बोट घालून जोरात ओढून बघा. रिंग गेली म्हणून ताडपत्री टाकू नये: लिंबाएवढा गुळगुळीत गोटा कापडात गुंडाळून त्याचा गळा दोरीने आवळायचा. हा जोड रिंगेपेक्षा जास्त ताण घेतो.

कुटुंबामागे दोन नग द्या. माणशी साडेतीन चौरस मीटर धरले तर पाच जणांना साडेसतरा लागतात. एकाच ताडपत्रीचा दोन पाखी तंबू केला तर खाली जेमतेम १२ मिळतात. उतार कमी ठेवला की पाणी साचून मधोमध फुगा धरतो. वाऱ्यासाठी वर दगड ठेवणं तर नकोच, धक्के थांबलेले नसतात. १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या जड भिंतींनीच घात केला होता. काळ्या मातीत ओल आली की आखूड खुंट्या सुटतात, त्या हातभर लांब हव्यात.

शौचालयाच्या आडोशाला पातळ पांढरी घेऊ नका. रात्री आत दिवा लावला की बाहेर सावली दिसते, मग बायका जातच नाहीत. आतून काळी असलेलीच घ्या. लांबीने मधोमध कापली तर २ मीटर उंचीचे दोन आडोसे निघतात. कापलेली कड उसवते, म्हणून ती बांबूच्या पट्टीवर गुंडाळून मगच खिळे मारा. सुरुवातीला ५० माणसांमागे एक शौचालय धरून हिशेब करा, पुढे २० मागे एक.

पाव रिळ दोरी प्रत्येक जोडीत घालूनच गठ्ठा बांधून घ्या. तिकडे ताडपत्र्या पोचतात, दोरी पोचत नाही.