रिफ्रेशर कोर्स की वर्षभराचा अभ्यासगट?

ठाणे, वाशी, नेरूळच्या प्राध्यापकांना दोन आठवड्यांचा रिफ्रेशर कोर्स चांगलाच परिचयाचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2018च्या नियमांनुसार तो पदोन्नतीसाठी धरला जातो, विषयातलं नवं कळतं, ऑनलाइन असेल तर लोकलची गर्दीही टळते. पण प्रमाणपत्र मिळाल्यावर वर्गात काय बदललं, हे सहसा कुणी विचारत नाही.

प्राध्यापकांचा अभ्यासगट नेमका तिथूनच सुरू होतो. अमेरिकेत ओहायोच्या मायामी विद्यापीठात 1979पासून ही पद्धत रुजली. तिथल्याच मिल्टन कॉक्स यांनी ती पुढे सविस्तर मांडली. वेगवेगळ्या विभागांतले आठ ते बारा जण स्वेच्छेने वर्षभर नियमित भेटतात. प्रत्येकजण आपल्या एका विषयाच्या शिकवण्यात बदल करतो, विद्यार्थ्यांना किती उमगलं ते तपासतो आणि फसलेलंही गटापुढे ठेवतो. मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या वर्षाला इंग्रजी व्याख्यानात गप्प बसतात, ही अडचण अकाउंट्सच्या सरांना आणि रसायनशास्त्राच्या मॅडमना सारखीच भेडसावते. एरवी दोघं स्टाफरूममध्ये त्यावर बोलतीलच असं नाही. गटात विभागप्रमुखांचा दबाव मात्र नको, नाहीतर मोकळेपणा संपतो.

वेळ लागतो, हे खरं. पेपर तपासणी आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फाइली कुणाला चुकल्यात? पदोन्नती जवळ आली असेल तर कोर्स आधी करावा. वर्गाची काळजी असेल तर माझं मत ठामपणे गटाला. प्राचार्यांनी वेळापत्रकात सर्वांचा एक तास एकाच वेळी मोकळा ठेवला, तरी सुरुवात होते.