थंड पाण्यातले ठणठणीत मासे

खरेदीच्या दिवशी सगळं बघून झालं होतं. सहा कोई, म्हणजे तळ्यात पाळायचे रंगीत कार्प मासे, त्यात दोन 'कोहाकू' प्रकारचे. पांढरा रंग स्वच्छ, तांबड्या डागांच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या. पर ताठ, अंगावर ओरखडा नाही. सोबत वीसेक सेंटिमीटरचा एक स्टर्जन, अंगावर हाडांच्या चकत्या असलेला तळाशी राहणारा मासा, त्यातल्या 'स्टर्लेट' जातीचा म्हणून दिलेला. कोईंच्या एका जीवघेण्या विषाणूसाठी लॅबचा 'केएचव्ही निगेटिव्ह' असा रिपोर्ट, आणि बिलावर 'तीन आठवडे क्वारंटाइन केलेले' अशी ओळ. राहिलं ते एवढंच, की विक्रेत्याच्या टाकीतलं पाणी किती अंशांवर आहे हे कुणी विचारलं नाही. त्याने आधी पाठवलेल्या व्हिडिओत टाकीमागच्या चिलरवर, म्हणजे पाणी गार करणाऱ्या यंत्रावर, हिरव्या आकड्यांत १२ दिसतं. मासे मेल्यावर तो व्हिडिओ पुन्हा पाहिला गेला, तेव्हा कुठे लक्षात आलं.

खरेदीदाराच्या तळ्यात तेव्हा २१ अंश होतं. पहिला आठवडा मजेत गेला. नवव्या दिवशी एक कोई पंपाच्या धारेखाली तोंड वर करून थांबलेला दिसला, दुसऱ्या दिवशी तीन. खाणं बंद. सोळाव्या दिवसापर्यंत नव्या सहांपैकी पाच गेले, आणि मग तळ्यातले जुने मासे जायला लागले. चौदांतले अकरा.

कोई हर्पिस व्हायरस, म्हणजेच केएचव्ही, साधारण १६ ते २५ अंशांच्या पट्ट्यात रोग करतो. पाणी १३ च्या खाली असेल तर मासा बाधित असूनही खातो, पोहतो, झळकतो. तोच मासा कोमट पाण्यात आला की एक ते तीन आठवड्यांत सगळं बाहेर येतं. त्यामुळे १२ अंशांवरच्या 'तीन आठवडे क्वारंटाइन'ला काडीचा अर्थ नाही. ते क्वारंटाइन नव्हे, शीतगृह. विक्रेत्याला हे माहीत नव्हतं असं मानायला जागा उरत नाही, कारण कोईसाठी मुद्दाम चिलर चालवून १२ अंश राखण्याचं दुसरं सयुक्तिक कारण सापडत नाही. स्टर्जनसाठी म्हणावं, तर त्यालाही तेवढ्या गारव्याची गरज नसते.

याच खेळाची उलटी बाजूही बाजारात चालते. पाणी काही दिवस ३० अंशांवर ठेवतात, मासे तगतात, आणि ते 'हीट ट्रीटमेंट केलेले, आता कायमचे सुरक्षित' म्हणून विकले जातात. गरम पाण्यात रोग थांबतो, विषाणू जात नाही. वाचलेला मासा वाहक होऊन बसतो आणि पुढे पाणी त्या पट्ट्यात आलं, ताण पडला, की शेजाऱ्यांना रोग देऊ शकतो. वर सांगितलेल्या सहांतला जो एक वाचला, तोही आता याच यादीत. त्याच्यासोबत नवा मासा सोडायचा नाही, तो कुणाला द्यायचाही नाही.

आता त्या रिपोर्टबद्दल. तो खोटा नव्हता, म्हणून जास्त शिकण्यासारखा आहे. पीसीआर तपासणी, पाच माशांचे कल्ले, तारीख आठ महिन्यांपूर्वीची. समजा लॉटमधले दहा टक्के मासे बाधित आहेत. पाचच मासे तपासले तर दहात जवळजवळ सहा वेळा त्यातला एकही हाती लागणार नाही. किमान एक तरी सापडेल याची ९५ टक्के खात्री हवी तर तीसच्या आसपास मासे तपासावे लागतात. शिवाय पीसीआर विषाणूचा अंश शोधतो, आणि दबा धरून बसलेल्या वाहकात तो इतका कमी असतो की निसटतो. आधी लागण होऊन गेली का, हे रक्तातल्या अँटिबॉडीवरून जास्त कळतं. आठ महिन्यांत त्या टाक्यांतून किती लॉट आले-गेले, याला तर काही हिशेबच नाही. रिपोर्टवर लॉटची ओळख, माशांची संख्या, नमुना घेतल्याची तारीख आणि त्या वेळचं पाण्याचं तापमान नसेल, तर तो फ्रेम करून भिंतीवर लावावा.

खरं क्वारंटाइन वेगळ्या टाकीत, वेगळ्या फिल्टरवर, वेगळ्या जाळीने होतं. पाणी २३ ते २४ अंशांवर किमान चार आठवडे. मासा १२ अंशांवरून आला असेल तर तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी वर न्यायचं. पिशवीतलं पाणी मोजून विक्रेत्याचं तापमान कळत नाही, प्रवासात ते बदलतं. त्याच्या टाकीतच थर्मामीटर बुडवायचा. चार आठवडे निभावले की आपल्याच तळ्यातला एक कोई त्या टाकीत सोडून आणखी तीन-चार आठवडे थांबायचं. हे जिवावर येतं, पण वाहक उघडा पाडायचा घरगुती मार्ग हाच. कोईऐवजी गोल्डफिश सोडून चालत नाही. तो विषाणू बाळगतो आणि स्वतः आजारी पडत नाही.

मासा आजारी दिसला तर कल्ल्याचं झाकण ओल्या अंगठ्याने अलगद उचलून आत बघावं. निरोगी कल्ले सगळीकडे सारखे लाल असतात. केएचव्हीत लाल भागात पांढुरके, कुजट पट्टे दिसतात, जणू चुना उडालाय, कडा झिजलेल्या. डोळे खोल गेलेले. अंगावर कुठे बुळबुळीतपणा वाढलेला, तर कुठे तो पार जाऊन कातडी बोटाला पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागते.

फसवणुकीचा दुसरा अंक फोनवर घडला. 'तुमच्या पाण्यातच दोष' असं सांगून विक्रेत्याने आधी झिओलाइट या खनिजाची पोती आणि मीठ विकलं. दोन्ही एकदम. झिओलाइट अमोनिया धरून ठेवतो हे खरं, पण तो भरला की मिठाच्या पाण्यात बुडवूनच रिकामा करतात. म्हणजे भरलेल्या झिओलाइटवर मीठ पडलं की धरलेला अमोनिया पुन्हा पाण्यात येतो. दर हजार लिटरला तीन किलो, म्हणजे ०.३ टक्के मीठ टाकलं गेलं आणि दोन दिवसांत अमोनियाच्या टेस्ट किटमधलं पाणी पिवळ्याचं हिरवं झालं. त्या तळ्याचा पीएच ८ च्या वर होता. २० अंशांच्या पाण्यात पीएच ७ ला एकूण अमोनियाचा अर्धा टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला तोच वाटा चार टक्क्यांजवळ जातो. कल्ले आधीच कुजलेल्या माशांना एवढं पुरलं.

मग आली फॉर्मेलिन आणि मॅलॅकाइट ग्रीनची बाटली. विषाणूवर हे औषध चालतच नाही, ते परजीवींसाठी. शिवाय दर लिटरला ५ मिलिग्रॅम फॉर्मेलिन हळूहळू पाण्यातला साधारण १ मिलिग्रॅम ऑक्सिजन खातं. डोस २५ चा होता, म्हणजे ५ मिलिग्रॅमची खोट. २१ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन मावतोच मुळी लिटरला नऊ मिलिग्रॅमच्या आत, आणि स्टर्जनला सातच्या खाली नको वाटतं. एअर पंप वाढवा, असं कुणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टर्जन तळाशी उलटा पडलेला. ज्या तळ्यात स्टर्जन आहे तिथे हे मिश्रण, तांब्याची औषधं आणि ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं वापरायचीच नाहीत. उपचार कोईंना करायचा तर कोईंनाच बाहेर काढायचं.

तो स्टर्जन औषधाने गेला नसता तर भुकेने गेला असता. विकताना सांगितलं होतं की हा तळ साफ ठेवतो, कोईंचं उरलेलं खातो, टाकीच्या मापात वाढतो. तिन्ही थापा. स्टर्जन शेवाळ खात नाही, घाणही नाही. त्याला बुडणारे दाणे लागतात, प्रथिनं ४० टक्क्यांच्या वर, आणि तेही कोईंच्या तोंडातून वाचले तर. म्हणून अंधार पडल्यावर, नेहमी एकाच जागी टाकायचे. उपाशी स्टर्जन वरून बघितला की डोक्यामागे अंग एकदम बारीक होत गेलेलं दिसतं. पुढे पाठ केळ्यासारखी वाकते, आणि तिथून तो क्वचितच परत येतो. तारशेवाळ माजलेल्या तळ्यात तो अडकूनही मरतो, कारण मागे पोहून सुटणं त्याला फारसं जमत नाही.

आणि तो स्टर्लेट नव्हताच. मेलेल्या माशाच्या फोटोत एका कुशीवरच्या हाडांच्या चकत्या मोजल्या तर ४१ भरल्या. स्टर्लेटला पन्नासाहून जास्त असतात, मिशांना बारीक झालर असते, परांच्या कडा पांढऱ्या असतात. हा सायबेरियन, रशियन की संकर, हे फोटोवरून सांगणं धाडसाचं. सायबेरियनचा आकडा पन्नासाच्या खालीही असतो आणि वरही, आणि संकरात मोजणीचा भरवसाच नाही. फरक नावापुरता नाही. स्टर्लेट सहसा मीटरच्या आत थांबतो, बाकीचे दोघे त्याच्या बरेच पुढे जातात. १९९८ पासून सगळे स्टर्जन साइट्स (CITES) या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, तेव्हा आयात केलेल्या माशाच्या कागदावर शास्त्रीय नाव असतंच. ते नाव बिलावर उतरवून घ्यायचं: स्टर्लेट असेल तर 'अ‍ॅसिपेन्सर रुथेनस'. विक्रेता तेवढं लिहायला का-कू करू लागला, की पिशवी तिथेच ठेवून निघायचं.

या प्रकरणात तक्रार टिकली नाही ती नमुन्यामुळे. मेलेले कोई दोन दिवस उन्हात पडून होते. लॅबने ते घेतलेच नाहीत. कोमट पाण्यात मेलेला मासा काही तासांत खराब होतो. मरणपंथाला लागलेला किंवा नुकताच मेलेला मासा पिशवीत घालून बर्फावर त्याच दिवशी पोचवायचा. ते जमत नसेल तर कल्ल्याचा आणि मूत्रपिंडाचा तुकडा तीव्र इथेनॉलमध्ये ठेवायचा, फॉर्मेलिनमध्ये नाही. फॉर्मेलिनने पीसीआरचा नमुना बिघडतो. सोबत तारीख, पाण्याचं तापमान, कोणत्या दिवशी किती मासे गेले याची नोंद, आणि विक्रेत्याचा तो चिलरवाला व्हिडिओ.