तीन की पाच एलिमेंट? सोलापूरच्या गच्चीवर दोन मीटरची यागी

यागी म्हणजे एका दांड्यावर (बूम) ओळीने नळ्या (एलिमेंट) बसवलेला, एका दिशेला झोत टाकणारा अँटेना; इथली हॅम रेडिओच्या 'दोन मीटर' बँडसाठी, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास. तीन एलिमेंटच्या यागीचा बूम साधारण मीटरभर, गेन (झोताच्या दिशेने सिग्नलची वाढ, डेसिबलमध्ये) सुमारे ७ डीबीआय. पाचवालीचा बूम दीड-दोन मीटर, गेन ९ ते १०. फरक दोन-तीन डीबीचा. आणि १४५ मेगाहर्ट्झला १५ मीटर आरजी-५८ ही बारीक केबल जवळपास तेवढंच खाऊन टाकते! आधी कमी सिग्नल खाणारी जाड आरजी-२१३ घ्या, एलिमेंट नंतर मोजा.

सोलापुरातून पुणे वायव्येला, हैदराबाद पूर्वेला. दोन्हीकडे बोलायचं तर पाचवालीला रोटेटर (अँटेना फिरवणारी मोटर) घ्याच, तिचा झोत अरुंद. तीनवालीचा पाइप हाताने फिरवला तरी भागतं, शिवाय वळवाच्या वाऱ्यात ताण कमी. जवळच्या रिपीटरपुरतं (सिग्नल पुन्हा प्रक्षेपित करणारं केंद्र) काम असेल तर तीनच पुरे.

घोळ होतो तो बसवताना. एफएमसाठी एलिमेंट उभे हवेत. मग बूमच्या मधोमध धरलेला जीआय पाइप त्यांना समांतर येतो, एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेनाचा मेळ दाखवणारं माप) बिघडतो, झोतही वाकडा होतो. तीनवाली रिफ्लेक्टरच्या (सर्वात मागच्या एलिमेंटच्या) मागे बूम वाढवून शेपटीला यू-क्लॅम्पने धरा. पाचवाली तशी धरली की नाक झुकतं. तिला वरचा दीड मीटर फायबरचा दांडा द्या, केबलही बूमवरून मागे न्या. एसएसबीला (बोलण्याची दुसरी रेडिओ पद्धत) एलिमेंट आडवे, तिथे लोखंड चालतं.

कनेक्टरवर साधी पीव्हीसी टेप नको, इथल्या उन्हाळ्यात तिचा गोंद ओघळतो. सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी) टेप ताणून गुंडाळा.