ज्युपिटर-८ आणि कॅनन ५० एफ/१.८: फिल्मवर बरेच महिने वापरल्यानंतर

लाइका एम कॅमेऱ्याच्या बॉडीवर अडॅप्टरने लावलेली ज्युपिटर-८ ही जुनी सोव्हिएत लेन्स जवळून फोकस चुकवते. या लेन्सबद्दल बाकी जे काही बोलायचं ते या गोष्टीनंतरच. एक मीटरवर, एफ/२ ला (अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं), रेंजफाइंडरमध्ये (दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करायची खिडकी) समोरच्याचा डोळा तंतोतंत जुळवला तरी फिल्मवर धारदार येतो तो कान. मग असले फोटो ‘जुन्या काचेचा मऊपणा’ म्हणून कौतुकाने दाखवले जातात. तो मऊपणा नाही, चुकलेला फोकस आहे, आणि तो दुरुस्त होतो.

ज्युपिटर-८ म्हणजे लुडविग बेर्टेलेच्या झाइस सोनारची सोव्हिएत आवृत्ती. सोनार मुळात झाइसच्याच कॉन्टॅक्स कॅमेऱ्यांसाठी. कॉन्टॅक्सच्या मापात ‘५० एमएम’ म्हणजे प्रत्यक्षात ५२.४, लाइकाच्या मापात ५१.६. एक मीटरवर लाइकाच्या रेंजफाइंडरमध्ये प्रतिमा जुळते तेव्हा लेन्स इन्फिनिटीपासून (अगदी दूरच्या फोकसच्या जागेपासून) साधारण २.९७ मिमी पुढे आलेली असते. ज्युपिटरला लागतात ३.०७. हा ०.१ मिमीचा फरक समोर जवळजवळ ३ सेंटिमीटरचा होतो आणि फोकस तेवढा मागे सरकतो. एफ/२ ला तिथे मागच्या बाजूची डेप्थ (धारदार दिसणारा पट्टा) मिळते जेमतेम २ सेंटिमीटर. मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर ही भानगड नाही, कारण तिथे सेन्सरवरचंच चित्र बघून फोकस होतो.

दुरुस्तीवाल्याकडे दिली तर तो इन्फिनिटी तपासतो, ‘एकदम ओके’ म्हणतो, पैसे घेतो आणि लेन्स आहे तशी परत देतो. इन्फिनिटी ओके असतेच, म्हणून तर जवळचं चुकतं! त्यापेक्षा घरी करा. काचांचा पुढचा ब्लॉक फोकसच्या नळीतून आट्यांवरून फिरवून बाहेर येतो. त्याच्यामागे पातळ शिम रिंग (अंतर राखणारी चकती) असते. तिच्या जोडीला ०.१ मिमी जाडी वाढवायची. आधी साध्या ८० जीएसएम झेरॉक्स कागदाची रिंग कापून बघा, त्याची जाडी साधारण तेवढीच असते. फूटपट्टी ४५ अंशांत ठेवून एक मीटरवर, एफ/२ ला चाचणी घ्या. जमलं की कागदाऐवजी धातूची शिम बसवा, कारण कागद दमट हवेत फुगतो. याची किंमत इन्फिनिटीला मोजावी लागते: एफ/२ ला दूरचा डोंगर किंचित मऊ येतो, पण एफ/५.६ ला तो दोष डेप्थमध्ये झाकला जातो. दूरचं एफ/२ ला कोण काढतं?

एवढं केलं तरी सोनारची एक खोड उरते. एफ/२ वरून एफ/२.८–४ कडे गेलं की फोकस पुन्हा थोडा मागे सरकतो. तेव्हा जवळचं काम एफ/२ लाच करायचं, नाहीतर सरळ एफ/५.६. मधल्या आकड्यांवर जुळवून झाल्यावर कॅमेऱ्यासकट डोकं जरासं मागे घ्यायचं. अ‍ॅपर्चर रिंगला क्लिक नाहीत, ती हात लागून फिरते. शटर दाबण्याआधी एकदा बघाच.

हे निस्तरल्यावर मात्र ज्युपिटरचं खरं रूप दिसतं. सहा काचा तीनच गटांत, म्हणजे हवेला लागणारे पृष्ठभाग फक्त सहा. कोटिंग साधं असूनही सावल्या राखाडी होत नाहीत, आणि चेहऱ्यामागची पानं कडा न काढता विरघळतात. उन्हासमोर धरली तर रंगीत पडदा येतो, तेव्हा ४०.५ मिमीचा हूड लावा.

कॅनन ५० एफ/१.८ ही १९५१ पासूनची डबल गाउस (अ‍ॅपर्चरच्या दोन्ही बाजूंना साधारण सारखी काचांची मांडणी). फोकस लाइकाच्या मापाचा, त्यामुळे बॉडीचा रेंजफाइंडर बरोबर आहे का हे तपासायला आधी हीच लावावी. सुरुवातीला तिचे फोटो फिकट येत होते आणि मत तसंच झालं होतं: सौम्य, जुन्या वळणाची लेन्स. मागून टॉर्च मारल्यावर अ‍ॅपर्चरच्या मागच्या काचेवर दुधी थर दिसला. स्पॅनरने मागचा गट सोडवून ती काच लेन्स क्लीनरने पुसली आणि कॉन्ट्रास्ट एकदम वर आला. आता ती ज्युपिटरपेक्षा कडक आणि मध्यभागी जास्त धारदार आहे. पार्श्वभूमी मात्र थोडी गजबजलेली. हा थर या मॉडेलचा नेहमीचा रोग आहे. तो लवकर पुसला तर जातो. फार वर्षं राहिला तर काचच खाल्ली जाते, मग कितीही घासा. म्हणून घेताना विक्रेत्याकडे टॉर्च मारलेला फोटो मागायचाच. ‘व्हिंटेज लुक’ म्हणणाऱ्याकडे दोनदा मागायचा.

इंडस्टार-६१ एल/डी बद्दल थोडक्यात: चार काचांची टेसार जातीची, ५५ एमएम एफ/२.८, एफ/८ ला चोख, बाकी स्वतःचा असा चेहरा नाही. ग्रीस गोठलेलं असतं. बजेट तंग असेल तरच घ्या.

कोकणात, मुंबईत राहत असाल तर तिन्ही लेन्स चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका, बुरशी तिथूनच सुरू होते. झाकणाचा हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. जेल ओलं झालं की रंग बदलतं, तव्यावर मंद आचेवर कोरडं करून परत वापरा.